मायला कुठं जेवायचं होतं

पुण्या-मुंबईकडचा कुणी वेरूळ-अजिंठा बघायला निघाला की त्याचा फोन आधी माझ्या मुलाला येतो आणि मुलगा तो हमखास माझ्या हातात देतो. "मावशी, तुम्ही इतकी वर्षं तिथं राहता, सांगा ना, जेवायला कुठं जाऊ?" शहराचं नाव बदललं, पण पाहुण्यांचा हा प्रश्न काही बदलला नाही. माझी नात शेजारी बसून कुठल्या हॉटेलाला किती तारे आहेत ते मोबाइलवर बघते, शेवटी तीच काहीतरी नाव सांगते आणि पाहुणे खूश होतात. मी आपली "तुम्हाला रुचेल तिथं जेवा बाबा" म्हणून सुटका करून घेते. म्हातारीला बाहेरचं सोसत नसेल, असं त्यांना वाटत असावं. मला सगळं सोसतं. भेळेपासून बिर्याणीपर्यंत सगळं खाते मी, आणि डॉक्टरला खोटं सांगते. पण कुणी कुठं जेवावं हे एकदा माझ्या तोंडून ठरलं होतं. त्यानंतर ते काम मी पुन्हा अंगावर घेतलं नाही.

आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं. घरात माणसं मोजकी. वडील म्हणजे अण्णा, त्यांचे थोरले भाऊ आबा, माय, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ. आबांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. घरात बाईमाणूस एकटी मायच. पहाटे तिचं जातं थांबलं की भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि आम्ही पोरं अंथरुणात पडल्या पडल्या भाकरी मोजायचो. दहाव्या-अकराव्या भाकरीला उठलं की तव्यावरची गरम मिळायची. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, तव्यावर रगडलेला मिरच्यांचा ठेचा, उन्हाळ्यात कांदा. ती काही सुगरण वगैरे नव्हती. पण आमटीला येसर किती लावायचं हे तिला न बघता कळायचं, आणि ते मला अजून बघूनही कळत नाही.

आबा घरात शिरताना ओट्यावरूनच खाकरायचे. ते खाकरणं म्हणजे आमच्या घरातला कायदा होता. माय असेल तिथं उभी राहायची, पदर कपाळाच्या खाली ओढायची आणि भिंतीकडं सरकायची. ती जेवत असली तर ताटावर परात पालथी घालून उठायची. आबा बाहेर जाईपर्यंत ते ताट तसंच. कितीदा तरी मी तिला वाळलेल्या कडेची भाकरी पाण्याबरोबर गिळताना बघितलंय. लग्न होऊन आल्यापासून तिनं थोरल्या दिरासमोर एक घास तोंडात घातला नव्हता. त्यांच्याशी ती बोलायचीही नाही, आणि त्यांच्या देखत नवऱ्याशीही नाही. आबा वाईट होते का? मुळीच नाही. मायच्या बाळंतपणात त्यांनी रात्रभर बैलगाडी हाकून सुईण आणली होती. पण रीत ती रीत. दोघांनाही त्यात वावगं काही वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही नाही.

आता एका घरात राहायचं आणि बोलायचं नाही, म्हणजे मधे कुणीतरी लागतं. ती मी. "सुमे, तुपल्या मायला इचार, बियाची ज्वारी कुठं ठिवली." माय दोन हातांवर उभी असायची, तिनं ते ऐकलेलं असायचं, तरी मी तिच्याकडं वळून तेच पुन्हा विचारायची. मग ती हळू आवाजात सांगायची आणि मी ते मोठ्यानं आबांना सांगायची. मी घरातलं टपालखातं होते. आणि टपालखात्यानं करू नये ते मी करायची, पत्रं उघडून दुरुस्त करायची. माय चिडून म्हणायची, "सांग त्यांना, माणसं जेवाया आणायची तर आधी सांगत जावा." मी सांगायची, "माय म्हणती, कितीजण येणार हायेत, तेवढं कळलं तर बरं." आबा उलट रागावून काही बोलले, तर तेही मी धुऊन-पुसून मायकडं न्यायची. सगळे म्हणायचे, सुमीची जीभ लई गोड. त्या गोड जिभेचा मला गर्व होता.

अण्णा बाजाराला शहरातल्या मोंढ्यात, धान्याच्या पेठेत, जायचे. माय त्यांना भाकरी बांधून द्यायची, आणि ती भाकरी पुष्कळदा तशीच परत यायची. विचारलं तर "येळ नाय मिळाला" म्हणायचे. पण त्यांच्या उपरण्याला गरम मसाल्याचा आणि धुराचा वास असायचा. शहागंजच्या आतल्या गल्लीत एका चाचांची भट्टी होती, तिथं मोंढ्यातल्या हमालांबरोबर बाकड्यावर बसून अण्णा नान आणि खलिया खायचे. खलिया म्हणजे मटणाचा लाल तर्रीचा रस्सा, आणि नान म्हणजे तंदुरातली जाड, मऊ, वरून पिवळी पोळी. आबांनी माळ घातलेली, म्हणून घरात या गोष्टीचा उच्चार नव्हता. मात्र कधीतरी अण्णा वर्तमानपत्रात गुंडाळून चार नान घेऊन यायचे आणि बेकरीच्या म्हणून सांगायचे. सकाळी आम्ही त्या चहात बुडवून खायचो. आबासुद्धा खायचे आणि "ह्या बेकरीवाल्याचा हात चांगला हाय" म्हणायचे. माय पदराआड हसायची. तिला सगळं माहीत होतं. तिच्या वाट्याला अर्धी यायची, तीही एस.टी.त चेपलेली आणि रात्रभर गार झालेली.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले त्या वर्षी माय आजारी पडली. पोटाचं होतं. आधी गावचा वैद्य, मग फुलंब्रीचा डॉक्टर, मग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात चकरा. सहा-सात महिने तिला मुगाचं पाणी आणि भाताची पेज यांपलीकडं काही दिलं नव्हतं. तिखट नाही, तेल नाही, आंबट नाही. आमच्यासाठी भाकरी थापायची आणि स्वतः वाटीत पेज घेऊन बसायची. पुढंपुढं तिच्याच्यानं थापणंही होईना, मी थापायला लागले आणि ती चुलीशेजारी बसून माझ्या चुका सांगायची. भूक लागली असं मात्र ती त्या महिन्यांत एकदाही म्हणाली नाही.

शेवटच्या चकरेला आबांनी गावातल्या एकाची जीप मागून आणली, कारण तिला एस.टी.त बसवत नव्हतं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं आबांना आणि अण्णांना आत बोलावलं, मी दारात उभी होते. तो म्हणाला, "घरी घेऊन जा. आता पथ्य काही नाही. त्यांना जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या." आमच्याकडं या वाक्याचा अर्थ शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. अण्णा व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकले. आबा खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मायजवळ जायला कुणी धजेना, म्हणून नेहमीप्रमाणे मला पाठवलं. मी बाकावर तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "माय, डॉक्टर म्हणले, पथ्य संपलं."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "मंग झालं म्हणायचं."

मी रडायला लागले तशी तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. त्या हाताची सगळी हाडं मला लागली. थोड्या वेळानं ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सुमे, मला भूक लागलीय." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "खरंच लागलीय गं. लई दिसांनी. तुपला बाप बाजाराला आला की जिथं खातो ना, तिथं मला न्या म्हणावं. ती नान मी कधी गरम खाल्ली नाय. गरम कशी लागती ते बघायचंय. आन तो रस्सा. दोनच घास."

मी म्हणाले, "तिथं बायका नसत्यात माय."

"नसू दे. जीपीत बसून खाईन."

एवढं साधं मागणं होतं. आयुष्यभर तिनं कुणाकडं काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि हे तिनं नीट विचार करून, कुठं बसून खायचं तेही ठरवून मागितलं होतं. मी निरोप घेऊन उठले.

जीपजवळ आबा आणि अण्णा उभे होते. आबा म्हणाले, "सुमे, तुपल्या मायला इचार, काय खावं वाटतंय? आज तिच्या मनासारखं करू. कुठं न्यायची?" त्यांच्या आवाजात असं काही होतं की मला एकदम भीती वाटली. पुढं मी काय केलं ते मी पुष्कळदा स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेनं समजावून सांगितलं आहे. मला वाटलं, भट्टीचं नाव काढलं तर अण्णांचं आबांपुढं उघडं पडेल. वाटलं, माळकरी आबांना मायनं मटण मागितलं असं कसं सांगू, आणि तेही आजच्या दिवशी. वाटलं, हमालांच्या बाकड्याशी आपली आजारी माय जीपमध्ये बसून खाते हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल. हे सगळं खरं आहे. पण याच्याही खाली एक गोष्ट होती, ती मी कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी शहरातल्या मामाकडं राहून आली होती. औरंगपुऱ्यातल्या एका हॉटेलात काचेची टेबलं आहेत, वर पंखे आहेत आणि हातभर लांब डोसा मिळतो, असं तिनं मला तीनदा सांगितलं होतं. मला ते हॉटेल बघायचं होतं. सतरा वर्षांची होते, माय मरणार हे नुकतंच कळलं होतं, आणि मला डोसा खायचा होता.

मी म्हणाले, "माय म्हणती, चांगल्या हॉटेलात जाऊ. औरंगपुऱ्यात."

अण्णांनी माझ्याकडं चमकून बघितलं. आबांचा चेहरा मात्र उजळला. "मंग तिथंच. समद्यात चांगलं आसंल तिथं."

जीप दरवाज्यांखालून चालली तेव्हा आबा पुढून मोठ्यानं सांगत होते, हा कुठला दरवाजा, तो कुठला, लांब तो मकबऱ्याचा घुमट. हे सगळं ते मला सांगत होते आणि मायला ऐकवत होते. माय डोळे मिटून बसली होती. एका वळणावर तिनं डोळे उघडले आणि मला हळूच विचारलं, "शहागंज आलं का?" मी म्हणाले, "येईल." तिनं पुन्हा डोळे मिटले.

हॉटेलाला वरच्या मजल्यावर फॅमिली रूम होती. जिना चढताना अण्णांनी तिला जवळजवळ उचललं. काचेचं टेबल होतं, पंखे होते, सगळं मैत्रिणीनं सांगितलं तसं. मायनं चहूकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी भिंतीच्या बाजूला तिच्याशेजारी बसले. समोर आधी अण्णा बसत होते, पण आबांनी त्यांना बाजूला सरकवलं आणि ते स्वतः मायच्या समोर बसले. मग ते म्हणाले, "सुमे, तुपल्या मायला सांग, आज मानपान काय नाय. आज समदे संगं जेवू. मपल्या धाकट्या बहिणीसारखी हाय ती. लाजू नको म्हणावं."

आमच्या खानदानात कुठल्या थोरल्या दिरानं भावजयीला असं म्हटलं नसेल. आबांनी तिच्यासाठी रीत मोडली होती, आणि ती मोडायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला आज कळतं. पण तिला खरंच जेवू घालायचं म्हणजे समोर बसायचं नाही, उठून बाहेर जायचं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. मायनं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडं वळली.

वेटर आला. "क्या लाऊं बोलो चाचा, राइस प्लेट है, पुरी-भाजी है, डोसा है."

"समदं आन," आबा म्हणाले. "आन गोड काय आसंल ते."

टेबलावर ताटल्या मावेनात. पुऱ्या, बटाट्याची भाजी, भात, श्रीखंडाची वाटी. आबांनी स्वतःच्या हातानं तिच्या ताटात वाढलं. "घे म्हणावं. सुमे, म्हण तिला." मी म्हणाले, "घे माय." तिनं पुरीचा तुकडा मोडला आणि बोटांत धरला. आबा समोरून बघत होते, अगदी मायेनं बघत होते. तिचा हात पदराच्या आत गेला आणि तसाच तुकडा घेऊन बाहेर आला. "संकोच करू नको म्हणावं." तिनं मान हलवली. पुन्हा तुकडा मोडला. ताटात पुरीचे बारीक बारीक तुकडे झाले. मला शेजारून तिचा श्वास ऐकू येत होता आणि तिच्या पोटातला आवाजसुद्धा. तिला खरंच भूक लागली होती. सहा महिन्यांत तो एकच दिवस तिला भूक लागली होती, आणि तिच्या पुढ्यात ताट भरलेलं होतं, आणि समोर आबा होते.

आबांना "जरा खाली जाऊन येता का" एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. घरात ते म्हणू शकणारी मी एकटीच होते. अण्णांनी थोरल्या भावाला तसं म्हणणं शक्य नव्हतं, ते ताटात बघून खाली मान घालून भात कालवत होते. मी काय करत होते? डोसा खात होते. तो खरंच हातभर लांब होता. मी पूर्ण खाल्ला आणि चटणी पुन्हा मागून घेतली.

शेवटी आबांनी तिच्या ताटाकडं बघून सुस्कारा सोडला. "इच्छाच गेली तिची," ते अण्णांना म्हणाले. "आपण केलं आपल्याकडून. आता जबरदस्ती नको." अण्णांनी मान हलवली. वेटरनं ताट उचललं, त्यातले पुरीचे तुकडे आणि न हललेली श्रीखंडाची वाटी मी बघितली. मायनं उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. तिच्या हाताला काही वजनच नव्हतं.

जीप परतीच्या रस्त्याला लागली. शहागंज मागं कुठंतरी राहिलं.

त्या दिवसापासून घरात पक्कं झालं की तिच्या तोंडाची चव गेली आहे. मोठ्या हॉटेलात नेलं, पुढ्यात पक्वान्नं मांडली, तरी घास उतरला नाही, म्हणजे आता विचारण्यात अर्थ नाही. पुन्हा पेज सुरू झाली, तीही नावाला. आबा पुढं कितीतरी वर्षं पारावर सांगायचे, "शेवटाला तिला शहरात नेलं, मपल्या हातानं वाढलं." सांगताना त्यांचे डोळे भरायचे. त्यांचं खोटं काहीच नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी तिची वेणी घालत होते. केस उरले नव्हते, तरी तिला वेणी लागायची. आबा आणि अण्णा शेतात होते, भाऊ शाळेत, घरात आम्ही दोघीच. ती एकदम म्हणाली, "सुमे, तू सांगितलंस ना गं त्यांना? नानेचं?"

मी म्हणाले, "व्हय."

मग तीच मला समजावायला लागली. "जाऊ दे. त्यांना नसंल पटलं. बाईमाणसानं तिथं कशाला जावं, म्हणले आसतील. त्यांचंबी बरोबर हाय. एवढं चांगलं हॉटेल दाखवलं त्यांनी. मीच येड्यावानी काईबी मागितलं." आणि माझा हात धरून म्हणाली, "तुपल्या बापाला नको बोलू काय. आधीच खंगलेत ते."

माझा निरोप पोचला आणि तिच्या नवऱ्यानं तो ऐकून नाकारला, असं धरून ती गेली. आपण मागितलं आणि आपलं माणूस नाही म्हणालं. मरताना तिच्याजवळ हे एवढंच होतं, आणि ते मी दिलेलं होतं. मला त्या सकाळी तोंड उघडता आलं असतं. भट्टी काही पळून गेली नव्हती, जीप पुन्हा मागता आली असती. मी वेणीची गाठ मारली आणि उठले. पुढचे अठरा-वीस दिवस रोज मी उद्या सांगू म्हणत राहिले. मग तिला पाणीही उतरेना, आणि मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. माझ्या वयाच्या बायका म्हणतात, काळ जाईल तसं दुःख बोथट होतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. उलट मला मुलं झाली, तीही माझ्याकडं हक्कानं खायला मागायला लागली, तसं ते जास्त कळत गेलं.

मायचं वर्षश्राद्ध झाल्यावर अण्णा पुन्हा बाजाराला जाऊ लागले. भाकरी मी बांधून द्यायची, ती तशीच परत यायची. एका संध्याकाळी ते वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन आले, आबा बाहेर ओट्यावर होते, म्हणून चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसले. पुडकं सोडून त्यांनी नान माझ्या पुढ्यात ठेवल्या.

"तुपल्या मायला लई आवडायच्या," ते म्हणाले. "तिला समदं ठावं व्हतं बघ, मी कुठं खातो ते. पण कधी म्हणली नाय, मला तिथं न्या म्हणून. एकदा जरी म्हणली आसती ना सुमे, आबांना काय वाटंल त्याचा इचारबी केला नसता. नेली आसती."

मी म्हणाले, "व्हय अण्णा."